नायट्रिक ऑक्साइडचा हिरवा माग

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतील खरिपाचा मोठा भाग आज सोयाबीनने व्यापला आहे, आणि या पिकाचे बरेचसे भवितव्य त्याच्या मुळांवरील गाठींवर अवलंबून असते, ही गोष्ट पेरणीपूर्वी रायझोबियमची बीजप्रक्रिया करणाऱ्या शेतकऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही. पेरणीनंतर महिनाभराने एखादे झाड हलक्या हाताने उपटून मुळावरची गाठ नखाने चिरली असता आतला भाग गुलाबी-लालसर दिसला तर गाठ काम करते आहे, आणि तो हिरवट किंवा तपकिरी दिसला तर तिचे काम संपले आहे, अशी साधी आणि बऱ्यापैकी विश्वासार्ह परीक्षा शेतातच करता येते. हा गुलाबी रंग लेगहीमोग्लोबिन या प्रथिनाचा असतो. जपानी संशोधक कुबो यांनी ते १९३९ साली सोयाबीनच्याच गाठींत ओळखले. माणसाच्या रक्तातील हीमोग्लोबिनचे हे वनस्पतींमधील भावंड असून, गाठीतील जिवाणूंना श्वसनापुरता ऑक्सिजन पोचवणे आणि त्याच वेळी मोकळा ऑक्सिजन अत्यंत कमी ठेवणे अशी दुहेरी कामगिरी ते पार पाडते. कारण हवेतील नत्र स्थिर करणारे नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजनच्या संपर्कात आले की निकामी होते.

या लेगहीमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षाही कितीतरी घट्ट चिकटून बसणारा एक वायू गाठीतच तयार होतो, तो म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. भूल देण्यासाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड निराळा. नायट्रिक ऑक्साइडच्या रेणूत नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक असे दोनच अणू असतात आणि त्यांच्या एकूण पंधरा इलेक्ट्रॉनांपैकी एक जोडीविना राहिलेला असतो. या एकट्या इलेक्ट्रॉनामुळे रसायनशास्त्र अशा रेणूला मुक्त मूलक म्हणते, आणि त्यामुळेच तो समोर येईल त्या लोहयुक्त प्रथिनाशी, ऑक्सिजनशी किंवा दुसऱ्या मूलकाशी झटकन संयोग पावतो. त्याने बांधलेले लेगहीमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही, आणि नायट्रोजिनेजच्या कामातही तो अडथळा आणतो.

लातूर-नांदेडच्या काळ्या जमिनीत हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही चिकणमातीची जमीन पावसाळ्यात फुगून बंद होते, पाणी वरच साचून राहते, आठवडा-आठवडा वाफसा येत नाही आणि मुळांभोवतीच्या मातीतील हवा संपून जाते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्याच लातूरसह मराठवाड्याच्या मोठ्या पट्ट्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने उभी पिके पाण्याखाली गेली, म्हणजे येथील मुळांना कोरड आणि गुदमर या दोन्ही टोकांना तोंड द्यावे लागते. ऑक्सिजन कमी पडला की गाठीतील ब्रॅडिरायझोबियम जिवाणू त्याच्याऐवजी नायट्रेटचा उपयोग श्वसनासाठी करू लागतात, नायट्रेटचे नायट्राइट होते आणि नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड निर्माण होते. पाण्यात बुडवलेल्या आणि सोबत नायट्रेट दिलेल्या सोयाबीनच्या गाठींमध्ये नायट्रिक ऑक्साइडने बांधलेले लेगहीमोग्लोबिन वाढते, आणि त्यात या जिवाणूंमधील नायट्रेट क्षपण करणाऱ्या विकराचा मोठा वाटा असतो, असे युरोपातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. सोयाबीनला वरून युरिया देण्याची जी सवय अनेक ठिकाणी दिसते, तिच्याकडे या प्रकाशात पाहण्याजोगे आहे, कारण युरियाचे मातीत शेवटी नायट्रेटच होते.

नायट्रिक ऑक्साइडला वैद्यकात जी प्रतिष्ठा मिळाली ती वनस्पतिशास्त्राच्या आधी. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० साली असे दाखवले की रक्तवाहिनीचे आतले नाजूक अस्तर शाबूत असेल तरच ॲसिटिलकोलीनमुळे ती सैलावते, म्हणजे हे अस्तर कोणता तरी निरोप स्नायूंकडे पाठवत असले पाहिजे. १९८७ च्या सुमारास तो निरोप्या नायट्रिक ऑक्साइड असल्याचे सिद्ध झाले, आणि १९९८ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना विभागून मिळाले. त्या सिद्धतेत मोठा वाटा असलेले साल्व्हादोर मोन्काडा या यादीत नसल्याची चर्चा पुढे बराच काळ होत राहिली आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवली जाणारी सॉर्बिट्रेटची गोळीसुद्धा शरीरात नायट्रिक ऑक्साइड मुक्त करूनच रक्तवाहिन्या रुंदावते.

एवढ्या महत्त्वाच्या रेणूला जिवंत ऊतीत पाहणे मात्र फार अवघड आहे. तो रंगहीन आहे, ऊतीत त्याचे आयुष्य काही सेकंदांचे असते, त्याचे प्रमाण बहुधा नॅनोमोलरमध्ये, म्हणजे एका लिटरात रेणूभाराच्या अब्जांशाच्या हिशेबाने, मोजावे लागते, आणि तो पेशीपटलातून विनासायास आरपार जात असल्याने जिथे निर्माण झाला तिथेच थांबतही नाही. प्रयोगशाळांमध्ये सर्वाधिक रुळलेली जुनी पद्धत योहान पीटर ग्रीस यांच्या नावाने ओळखली जाते. १८७९ पासून वापरात असलेल्या या पद्धतीत नायट्राइटवर दोन अभिकारके टाकली की गुलाबी-जांभळा रंग येतो आणि त्याची तीव्रता ५४० नॅनोमीटरच्या आसपास मोजली जाते. विज्ञान महाविद्यालयात असलेल्या साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ती होते, खर्चही बेताचा येतो. तरीही ती नायट्रिक ऑक्साइड मोजत नाही, तर ते नाहीसे झाल्यावर मागे राहिलेले नायट्राइट मोजते, आणि त्यासाठी ऊती वाटून तिचा अर्क करावा लागत असल्याने वायू गाठीच्या सालीत होता की गाभ्यात, हा प्रश्नच विचारता येत नाही. खत घातलेल्या शेतातील मुळांत नायट्राइट इतर मार्गांनीही येत असते, त्यामुळे वनस्पतींच्या बाबतीत या आकड्याचा अर्थ आणखी धूसर होतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी प्रतिदीप्त शोधकांचा जन्म झाला. एखादा पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून त्याहून लांब तरंगलांबीचा, म्हणजे वेगळ्या रंगाचा, प्रकाश तत्क्षणी बाहेर टाकतो, तेव्हा त्या गुणधर्माला प्रतिदीप्ती म्हणतात. आणि जो रेणू एरवी मंद असतो, पण विशिष्ट पदार्थ भेटताच उजळतो, तो त्या पदार्थाचा प्रतिदीप्त शोधक होय. टोकियो विद्यापीठातील तेत्सुओ नागानो, हिरोतात्सु कोजिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली डायअमिनोफ्लुओरेसीन या कुळातले शोधक जगापुढे आणले आणि त्यांतला डीएएफ-२ हा आज सर्वाधिक परिचित आहे. त्याचा पाया असलेले फ्लुओरेसीन हे रंगद्रव्य अडॉल्फ बायर यांनी १८७१ सालीच तयार केले होते. डोळ्यांचे डॉक्टर बुबुळावरची जखम तपासताना जो पिवळसर-हिरवा थेंब टाकतात, तो याच द्रव्याचा.

टोकियोच्या गटाने या फ्लुओरेसीनला शेजारी-शेजारी दोन अमिनो गट जोडले. इलेक्ट्रॉन देण्यास उत्सुक असलेले हे गट उत्तेजित झालेल्या रंगद्रव्याला आपला इलेक्ट्रॉन देऊन त्याचा प्रकाश बाहेर पडण्यापूर्वीच विझवतात, म्हणून मूळ शोधक जवळजवळ अंधारात असतो. नायट्रिक ऑक्साइडचा ऑक्सिजनशी संयोग होऊन डायनायट्रोजन ट्रायऑक्साइड तयार झाले की ते या अमिनो गटांवर हल्ला करते, दोन्ही गट मिळून ट्रायझोल नावाचे वलय बनते, इलेक्ट्रॉन देण्याची त्यांची क्षमता संपते आणि प्रतिदीप्ती शंभर पटींहून अधिक वाढते. ४९५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकावा आणि ५१५ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश टिपावा, असा त्याचा हिशेब आहे. शोधक पेशीत शिरावा म्हणून त्याच्यावर ॲसिटेटचे दोन गट बसवलेले असतात. या रूपात तो पेशीपटल ओलांडतो, आत गेल्यावर पेशीतील एस्टरेज विकरे ते दोन गट कापून टाकतात, आणि विद्युतभारित झालेला रेणू पुन्हा सहजी बाहेर पडू शकत नाही.

प्रत्यक्ष काम बाहेरून पाहणाऱ्याला अगदी किरकोळ वाटेल. गाठीचा किंवा मुळाचा पातळ काप धारदार पात्याने घ्यायचा, सात ते साडेसात सामू असलेल्या द्रावणात सुमारे दहा मायक्रोमोलर शोधकासह तो अंधारात अर्धा तास ठेवायचा, उरलेला शोधक दोन-तीन वेळा धुऊन काढायचा आणि काप सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या प्रकाशात पाहायचा. काळ्या पार्श्वभूमीवर काही पेशी हिरव्या उजळलेल्या दिसतात आणि चित्र तयार होते. द्विदल वनस्पतींच्या गाठींवर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील कामात याच रीतीने मेडिकागो या चारावर्गीय वनस्पतीच्या कार्यरत गाठींच्या जिवाणूभरल्या भागात नायट्रिक ऑक्साइड असल्याचे दाखवले गेले, म्हणजे हा वायू केवळ आजारी किंवा बुडालेल्या गाठीचे लक्षण नसून निरोगी गाठीच्या कारभारातही त्याचा सहभाग असतो, हे या पद्धतीमुळे डोळ्यांना दिसू शकले.

चित्र देखणे असते, आणि अडचणही तिथूनच सुरू होते. गेल्या पंचवीस वर्षांत हिरव्या पेशींची छायाचित्रे छापणाऱ्या शोधनिबंधांची संख्या जितकी वाढली, तितकी त्या हिरव्या रंगाची छाननी वाढली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही. पहिली गोष्ट म्हणजे शोधकाची अभिक्रिया उलट फिरत नाही, एकदा तयार झालेले ट्रायझोल तसेच राहते. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणचा पर्जन्यमापक जसा सकाळपासून पडलेला एकूण पाऊस सांगतो, या घडीला पाऊस सुरू आहे की थांबला ते सांगत नाही, तसाच हा उजेड अर्ध्या तासाची जमा दाखवतो, त्या क्षणाची पातळी नव्हे. दुसरी गोष्ट सामूची. डीएएफ-२ चा प्रकाश आम्लधर्मी परिसरात मंदावतो आणि वनस्पतीच्या पेशीतील रसधानी आम्लधर्मीच असते, म्हणून पुढे याच गटाने तुलनेने कमी सामूतही टिकणारा डीएएफ-एफएम हा सुधारित शोधक तयार केला. हिरव्या ऊतीत हरितद्रव्य आणि पेशीभित्तिकेतील लिग्निन स्वतःच प्रकाशतात, त्यामुळे शोधक न घातलेला काप शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

याहून गंभीर आक्षेप रसायनाच्या पातळीवरचा आहे. क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, पेशीत भरपूर असते, आणि त्याच्या ऑक्सिडीकरणातून होणारे डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल शोधकाशी थेट संयोग पावून नायट्रिक ऑक्साइडविना प्रकाश निर्माण करू शकते, हे २००० नंतरच्या पहिल्याच दशकात लक्षात आले. जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे वेर्नर कायझर यांच्या गटाने याच काळात तंबाखूच्या पेशींमधून बाहेर पडणारा खरा वायू ओझोनशी होणाऱ्या प्रकाशदायी अभिक्रियेने मोजला आणि त्याची शोधकाच्या प्रकाशाशी तुलना केली, तेव्हा दोन्हींचा मेळ बसला नाही. २०१२ मध्ये त्यांनी आणखी पुढे जाऊन प्रकाशणारे पदार्थ वेगळे करून तपासले आणि रोगकारकाचा सुगावा दिलेल्या तंबाखूच्या पेशींत दिसणारा हिरवा प्रकाश बव्हंशी ट्रायझोलचा नव्हेच, असा निष्कर्ष काढला. पेरॉक्सिडेज विकरे आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र असले की शोधकाचे असे भलतेच रूपांतर होते, आणि रोगाशी किंवा दुष्काळाशी झुंजणाऱ्या वनस्पतीच्या पेशीत ही दोन्ही हमखास हजर असतात.

गाठींच्या बाबतीत तर एक खास विसंगती पुढे येते, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. शोधकाला उजळण्यासाठी नायट्रिक ऑक्साइडबरोबर ऑक्सिजनही लागतो, कारण अमिनो गटांवर हल्ला करणारे ट्रायऑक्साइड ऑक्सिजनविना तयार होत नाही. म्हणजे पाणी साचून गुदमरलेल्या मुळात, जिथे हा वायू सर्वाधिक असण्याची शक्यता आहे, तिथेच शोधक सर्वांत कमी बोलतो. उलट गाठ कापून काचपट्टीवर ठेवताच हवा आत शिरते, साठलेला वायू ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि काप एकाएकी उजळतो. पण तो उजेड गाठ जमिनीत असतानाच्या स्थितीचा की पात्याच्या जखमेचा, हे वेगळे करणे अवघड होऊन बसते, कारण जखम होणे हेही वनस्पतीला नायट्रिक ऑक्साइड निर्माण करण्याचे निमित्त असते. बुडालेल्या गाठींविषयीच्या वर उल्लेखिलेल्या अभ्यासात मुख्य भार लेगहीमोग्लोबिनच्या बदललेल्या रूपाच्या मोजणीवर होता, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

म्हणून काटेकोर प्रयोगात शोधकासोबत बरीच उलटतपासणी असावी लागते. सीपीटीआयओ हा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेणारा पदार्थ घातल्यावर प्रकाश मावळला पाहिजे, अशी एक चाचणी सर्रास वापरली जाते. परंतु तो पदार्थ या वायूचे रूपांतर नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये करतो, आणि विशिष्ट परिस्थितीत त्यातूनच ट्रायऑक्साइड वाढून प्रकाश उलट वाढूही शकतो. ज्याच्या रचनेत दोन लगतचे अमिनो गट नाहीत असा निष्क्रिय शोधक समांतर वापरणे, वायू मुक्त करणारे रसायन ज्ञात मात्रेत घालून प्रतिसाद तपासणे, आणि किमान एक पूर्णपणे वेगळी पद्धत, मग ती विद्युतअग्राची असो, ओझोनची असो वा एकट्या इलेक्ट्रॉनाचा चुंबकीय संकेत टिपणारी, जोडीला ठेवणे हे मार्ग त्यापेक्षा भरवशाचे आहेत. सस्तन प्राण्यांत नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर अर्जिनीन या अमिनो आम्लापासून काम करते. वनस्पतींतही तसेच विकर सापडल्याचा दावा २००३ मध्ये अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीबाबत झाला होता, पण काही वर्षांतच ते प्रथिन निराळेच काम करणारे असल्याचे उघड झाले आणि त्याचे नावही बदलावे लागले. शैवालांत असे विकर मिळाले आहे, जमिनीवरील वनस्पतींत मात्र हजाराहून अधिक प्रजातींच्या जनुकांची छाननी करूनही ते सापडले नाही. वनस्पतीतील स्रोताविषयी इतकी अनिश्चितता असताना केवळ हिरव्या चित्रावर विसंबणे धोक्याचे ठरते.

तरीही शोधक टाकून द्यावा असा याचा अर्थ नाही, कारण वायू कोठे आणि साधारण कधी, हे पेशीच्या पातळीवर दाखवण्याच्या कामात त्याला अजून स्वस्त पर्याय नाही. पावसाचा खंड पडला की सोयाबीन किंवा तुरीचे पान दुपारी आपली पर्णरंध्रे मिटून घेते, आणि त्यामागे ॲबसिसिक आम्ल या संप्रेरकाच्या आदेशाची जी साखळी आहे, तिच्यात नायट्रिक ऑक्साइड एक दुवा असल्याचे २००१ आणि २००२ मधील कामांतून पुढे आले. पानाच्या खालच्या बाजूची पातळ साल सोलून शोधकात ठेवली असता रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी उजळताना दिसतात. येथे ऊती एका थराची असल्याने प्रकाश सहज आरपार जातो आणि ऑक्सिजनही भरपूर असतो, त्यामुळे शोधकावरचे निम्मे आक्षेप आपोआप गळून पडतात. मराठवाड्याच्या कोरडवाहू पिकांचे वाण दुष्काळात कसे वागतात हे तपासणाऱ्याने गाठीपेक्षा पानापासून सुरुवात करावी, हे शहाणपणाचे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सोयाबीन आणि तुरीचे वाण, आणि नांदेडच्या विष्णुपुरी परिसरातील, १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील रसायनशास्त्र व जीवशास्त्राची संकुले, एवढी सामग्री या विभागात शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत उपलब्ध आहे. शोधक उणे वीस अंशांवर, प्रकाशापासून दूर साठवावा लागतो, त्यामुळे मोठी अडचण रसायनाइतकीच शीतपेटीच्या अखंड विजेची असते.

ऑक्सिजनच्या अडचणीवर रसायनशास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा मोठा कल्पक आहे. अमेरिकेतील एमआयटी येथे स्टीफन लिपार्ड आणि मी-ही लिम यांनी २००६ साली फ्लुओरेसीनच्याच एका रूपाला तांब्याचा आयन जोडला. तांब्यामुळे विझलेला हा रेणू नायट्रिक ऑक्साइडशी थेट अभिक्रिया करतो, तांबे क्षपण पावून सुटे होते आणि रंगद्रव्य उजळते, त्यामुळे मध्ये ऑक्सिजनची गरज उरत नाही. बुडालेल्या मुळासाठी तत्त्वतः हाच मार्ग अधिक योग्य ठरतो. २०१६ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझच्या संशोधकांनी जिवाणूमधील नायट्रिक ऑक्साइड ओळखणारा प्रथिनाचा तुकडा प्रकाशमान प्रथिनाला जोडून जनुकांद्वारे पेशीतच घडवता येणारा शोधक तयार केला. वायू चिकटला की त्याचा प्रकाश कमी होतो आणि वायू सुटला की तो पूर्ववत होतो, म्हणजे एकूण जमेऐवजी चढउतारही दिसू शकतात. मात्र त्याला काम करण्यासाठी पेशीला बाहेरून लोह पुरवावे लागते, आणि गाठीसारख्या लोहसंपन्न व ऑक्सिजनदरिद्री ऊतीत तो कसा वागेल हे स्वतंत्रपणे तपासावे लागेल. शिवाय असा शोधक असलेले सोयाबीनचे झाड जनुकीय बदल केलेले ठरते, त्यामुळे ते लातूरच्या शेतात पेरता येणार नाही. काळी माती कुंडीत भरून, ती मुद्दाम बुडवून, बंदिस्त हरितगृहातच त्याची परीक्षा घ्यावी लागेल.